पाळीव सरड्या-गेकोंसाठी जिवंत किडे: एकही सुटू न देता कसे हाताळायचे

रातकिडे, झुरळं, अळ्या हे सगळे किडे बंद डब्यात गप बसलेले असताना सहसा पळत नाहीत. पळतात ते ठरलेल्या वेळी: नवीन आणलेलं खोकं उघडताना, सरड्याला खायला घालताना आणि डबा साफ करताना. आणखी एक वेळ असते, ती बहुतेकांच्या लक्षात येत नाही. टेरॅरियमच्या, म्हणजे सरडा ठेवायच्या काचेच्या पेटीच्या, ओल्या मातीत मादीने घातलेली अंडी फुटतात आणि दोन मिलिमीटरची पिल्लं जाळीच्या भोकांतून आरामात बाहेर येतात. मोठा रातकिडा उडी मारून गेला तर दिसतो, ऐकू येतो, सापडतो. ही पिल्लं दिसतही नाहीत.

म्हणून हात चपळ करण्यापेक्षा किड्यामागे धावायची वेळच येणार नाही अशी मांडणी करणं जास्त उपयोगाचं आहे. त्यासाठी आपण आणलेला किडा नेमका कसा निसटतो ते आधी ओळखायचं: चढून, उडी मारून, उडून, कुरतडून की मातीत शिरून. तेवढी एक वाट बंद केली की बाकीचं काम सोपं होतं.

कोण कसा निसटतो

रातकिडे उडी मारतात आणि खरखरीत पृष्ठभाग मिळाला की चढतात. पुठ्ठा, लाकूड, कापड, जाळी, ओरखडे पडलेलं प्लास्टिक, काहीही चालतं. स्वच्छ, कोरड्या, गुळगुळीत प्लास्टिकवर किंवा काचेवर मात्र त्यांचे पाय टिकत नाहीत. काचेच्या टाकीत ठेवत असाल तर कोपऱ्यांत बघा. काचा जोडायला लावलेल्या सिलिकॉनच्या रेषेला धरून रातकिडे थेट वरपर्यंत जातात. त्यांचे जबडेही कामाचे असतात. नायलॉनची किंवा कापडी जाळी ते काही दिवसांत कुरतडून मोकळे होतात.

डुबिया झुरळ हे नवशिक्यांसाठी सगळ्यात सोयीचं. गुळगुळीत भिंत चढत नाही, उडी मारत नाही, आवाज करत नाही. प्रौढ नराला लांब पंख असतात, पण ते उंचावरून फडफडत खाली उतरण्यापुरते. मादीला पंखांचे नुसते खुंट असतात. त्याचा दोष एकच, मातीत शिरून मेल्यासारखं पडून राहायचं. रेड रनर नावाने मिळणारं तुर्कस्तानी झुरळही गुळगुळीत भिंत चढत नाही, पण ते फार वेगाने पळतं आणि त्याच्या माद्या अंड्यांच्या छोट्या कुप्या कुठेही टाकतात. लॉबस्टर झुरळ मात्र सरळ काच चढतं. अनुभव नसताना ते घरात आणूच नये असं आमचं स्पष्ट मत आहे.

मीलवर्म आणि सुपरवर्म या अळ्या उभी गुळगुळीत भिंत चढू शकत नाहीत. डब्यात कापडाची चिंधी, भाजीचं लांब पान किंवा पुठ्ठ्याचा तुकडा काठाला टेकलेला राहिला तरच ते बाहेर येतात. वॅक्सवर्म या अळ्या मात्र सगळीकडे चढतात, रेशीम काढतात आणि पातळ प्लास्टिक, थर्माकोल, मऊ लाकूड पोखरून बाहेर पडतात. त्यांना काचेची बरणी किंवा जाड प्लास्टिकचा डबा हवा आणि झाकणाला धातूची जाळी.

ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्या कोरड्या भिंतीवर अडतात, पण भिंत ओली झाली की त्या पाण्याच्या पातळ थराला चिकटून चढतात. अळी गडद तपकिरी-काळी होऊ लागली की कोष करण्यासाठी कोरडी जागा शोधत ती डबा सोडायचा प्रयत्न करते. असे गडद नग रोज वेचून बाजूला काढा किंवा आधी तेच खायला घाला.

बिनपंखी किंवा न उडणाऱ्या फळमाश्या उडत नाहीत, पण कोणत्याही भिंतीवर भराभर चालत वर जातात. टोळ लहान असताना उड्या मारतात आणि पूर्ण वाढले की चांगलेच उडतात. म्हणून पंख न फुटलेलेच टोळ आणावेत.

डबा

अडीचशे-तीनशे मोठ्या रातकिड्यांसाठी पन्नास ते साठ लिटरचा, किमान ३५-४० सेंटीमीटर खोल आणि आतून पूर्ण गुळगुळीत असा प्लास्टिकचा डबा घ्या. पारदर्शक असेल तर झाकण उघडण्याआधी किडे कुठे बसलेत ते दिसतं. ही सोय वाटते त्यापेक्षा फार मोठी आहे, कारण निम्मे किडे झाकणाच्या आतल्या बाजूला लटकलेले असताना झाकण उचललं तर पुढची पाच मिनिटं जमिनीवर बसून काढावी लागतात.

आत लपायला पुठ्ठ्याचे अंड्यांचे ट्रे लागतात. ते आडवे न रचता उभे लावा. आडव्या ट्रेंच्या खोलग्यांत विष्ठा आणि मेलेले किडे साठतात, ओल धरते आणि अमोनियाचा वास सुटतो. उभ्या ट्रेंमधून सगळं खाली पडतं. ट्रेचा वरचा काठ डब्याच्या काठापासून निदान १५ सेंटीमीटर खाली राहिला पाहिजे आणि कुठलाही ट्रे भिंतीला टेकता कामा नये. टेकलेला ट्रे म्हणजे किड्यांना लावून दिलेली शिडी.

आता भिंतीचा वरचा पट्टा. डबा नवीन असेपर्यंत गुळगुळीत असतो. दोन-चार वेळा घासून धुतल्यावर बारीक ओरखडे पडतात आणि लहान किड्यांना तेवढे पुरतात. त्यावर सगळ्यात स्वस्त आणि टिकाऊ उपाय म्हणजे रुंद पारदर्शक पॅकिंग टेप. डबा साबणाने धुऊन पूर्ण कोरडा करा, आतल्या बाजूने काठाच्या लगेच खाली टेपची एक फेरी मारा आणि बुडबुडे अंगठ्याने दाबून काढा. टेपची दोन टोकं जिथे एकावर एक येतात तो जोड कोपऱ्यात घेऊ नका, सपाट बाजूच्या मधोमध घ्या आणि नखाने नीट दाबा. उचललेला जोड ही एक उभी कड असते. तिला धरून पिल्लं वर जातात, आणि एवढी टेप लावूनही किडे कसे निघतात हे कोडं सुटत नाही. महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने टेप पुसून कोरडी करा. धूळ आणि विष्ठेची भुकटी बसली की टेपचा गुळगुळीतपणा संपतो.

काही जण पेट्रोलियम जेली लावतात. ती चालते, पण अगदी पातळ, ३-४ सेंटीमीटर रुंद पट्ट्यात. जाड थर दिला की त्यात धूळ आणि लहान किडे अडकतात आणि बाकीचे त्यांच्या अंगावरून पलीकडे जातात. उष्णतेने ती ओघळतेही. द्रवरूप पीटीएफई (म्हणजे टेफ्लॉन) कापसाच्या बोळ्याने लावून वाळवलं तर अडथळा सगळ्यात पक्का होतो, पण बोट लागलं की तो थर निघतो. त्यामुळे रोज हात घालावा लागणाऱ्या डब्याला टेपच बरी.

हवा खेळण्यासाठी झाकणात साधारण १५ बाय १० सेंटीमीटरची खिडकी कापा आणि तिला धातूची जाळी बसवा. डासांसाठीच्या साध्या जाळीची भोकं साधारण सव्वा मिलिमीटरची असतात. अर्ध्या वाढीच्या आणि त्याहून मोठ्या किड्यांना ती पुरते. ताजी पिल्लं असतील तर अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास भोकं असलेली स्टीलची जाळी लागते. आता जाळी चिकटवायची कशी, इथे बरेच जण फसतात. असे डबे बहुतेक पॉलिप्रॉपिलीनचे असतात (तळाला त्रिकोणात ५ हा आकडा बघा) आणि या प्लास्टिकला हॉट ग्लू नीट धरत नाही. लावल्या दिवशी घट्ट वाटतो, झाकण दोन-चारदा वाकलं की एक कोपरा सुटतो. तो सुटलेला कोपरा वरून दिसत नाही. त्याऐवजी जाळी खिडकीपेक्षा चहूबाजूंनी दोन सेंटीमीटर मोठी कापा आणि सोल्डरिंग आयर्नने कडेकडेने प्लास्टिकमध्ये वितळवून बसवा. हे काम मोकळ्या हवेत करा, धूर श्वासात जाऊ देऊ नका. दुसरा मार्ग म्हणजे प्लास्टिकच्या दोन चौकटींमध्ये जाळी धरून चारही बाजूंना छोटे नटबोल्ट आवळायचे. ग्लूच वापरायचा असेल तर आधी पृष्ठभाग सँडपेपरने खरखरीत करा आणि जाळी झाकणाच्या आतल्या बाजूने लावा.

पाण्याची उघडी वाटी ठेवू नका. किडे बुडून मरतात आणि ओल भिंतीवर चढते. गाजर, बटाटा यांचे काप किंवा पाणी धरून ठेवणारे जेलचे खडे पुरेत. सकाळी भिंतीवर आतून दव दिसत असेल तर हवा कमी पडतेय. ओल्या भिंतीवर जवळजवळ कुठलाही लहान किडा चढू शकतो, त्यामुळे खिडकी वाढवणं हाही पळण्यावरचाच उपाय आहे.

नवीन खोकं उघडताना

किड्याचं शरीर बाहेरच्या तापमानाबरोबर चालतं. गार झालेला रातकिडा उडी मारत नाही, फार तर रांगतो. याचा फायदा घ्या. रातकिड्यांचं बंद खोकं फ्रिजमध्ये आठ-दहा मिनिटं ठेवा, त्याहून जास्त नको. टोळांनाही हे चालतं. सुपरवर्मना फ्रिज अजिबात चालत नाही, थंडीने ते मरतात. त्यांना २१ ते २७ अंश सेल्सियस लागतं. मीलवर्म याउलट ८-१० अंशांना आठवडेच्या आठवडे सुस्त पडून राहतात, फक्त आठवड्यातून एकदा बाहेर काढून दिवसभर खायला द्यावं लागतं. वॅक्सवर्मना १३ ते १५ अंश ठीक.

मग जागा. हे सगळं काम एका मोठ्या रिकाम्या टबात करायचं. टब ६० सेंटीमीटर लांब, ४० खोल, आतून गुळगुळीत आणि वरून टेपचा पट्टा मारलेला हवा. या पुढच्या सगळ्या लेखात ज्याला मोठा टब म्हटलंय तो हाच. डबा, खोकं, कप, चिमटा सगळं टबाच्या आत. एखादा निसटला तर टबात पडतो, खोलीत नाही. न्हाणीघरातला टब वापरत असाल तर आधी निचऱ्याचं तोंड बंद करा.

क्रम असा ठेवा:

१. खोलीचं दार लावा, पंखा बंद करा. पंख्याच्या वाऱ्याने हलके ट्रे उडतात आणि पुठ्ठा हलला की किडे उधळतात.

२. फ्रिजमधून काढलेलं खोकं बाहेरून पुसून कोरडं करा आणि टबात ठेवा. खालच्या बाजूवर दोन-तीनदा हलके आपटा, म्हणजे झाकणाला लटकलेले किडे तळाला पडतात.

३. कायमचा डबा उघडून टबात शेजारीच ठेवा. ट्रे त्यात आधीच उभे लावून ठेवलेले असू देत.

४. झाकण पूर्ण न काढता एका कोपऱ्यात टेप कापा आणि चार-पाच सेंटीमीटरची फट करा. ती फट डब्याच्या आत, काठाच्या बरीच खाली येईल असं खोकं तिरकं धरा आणि थोपटत रिकामं करा.

५. खोक्यातले पुठ्ठे एकेक करून डब्यावर झटका. चिकटून राहिलेल्या किड्यांना बोटांनी ओढू नका, पाय तुटतात. पुठ्ठा तसाच डब्यात टाकून दिला तरी चालतो.

६. डब्याचं झाकण लागेपर्यंत रिकाम्या खोक्याकडे बघूही नका. झाकण लागल्यावरच खोक्याच्या घड्या उलगडून तपासा. लहान रातकिडे पुठ्ठ्याच्या पन्हळींत दडून बसतात.

खोकं टाकायची घाई नको. ते पिशवीत बांधून दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, मग टाका.

रोजचं खायला घालणं

पळापळीचा मोठा भाग इथे घडतो, कारण हे रोजचं काम आणि रोजच्या कामात हात सैल पडतो. डब्यात हात घालून एकेक रातकिडा पकडायचा ही पद्धत सोडून द्या. झाकण जितका वेळ उघडं, तितके किडे बाहेर.

त्याऐवजी पुठ्ठ्याची नळी वापरा. टिश्यूच्या रोलचा गाभा किंवा १५ सेंटीमीटर लांब, तीन-चार सेंटीमीटर रुंद अशी कुठलीही पुठ्ठ्याची नळी डब्यात आडवी टाकून ठेवा. रातकिड्यांना अंधारी अरुंद जागा आवडते, त्यामुळे काही तासांत नळीत दहा-वीस जण बसलेले असतात. खायला घालताना नळीची दोन्ही तोंडं झाकून ती उचला, झाकण लावा आणि मोठ्या टबात ठेवलेल्या खोल कपात झटका. उरलेले तसेच परत डब्यात. एवढ्या कामाला झाकण पाच-सहा सेकंद उघडं राहतं. डुबियांसाठी हेच काम अंड्यांच्या ट्रेचा एक तुकडा करतो. उचला आणि बादलीवर झटका, ते टपटप पडतात.

कप निदान १२-१५ सेंटीमीटर उंच, सरळ भिंतीचा आणि झाकणाचा असावा. त्यात आधी चिमूटभर कॅल्शियमची भुकटी टाका आणि मग किडे. दहा-बारा मध्यम किड्यांना चिमूट पुरते. कप गोल फिरवा, हिसके देऊ नका. किडे पांढुरके दिसायला लागले की झालं. भुकटी पायांना लागली की किड्यांची पकड आणखी कमी होते, म्हणजे कपातून ते वर येत नाहीत. मात्र कप रोज धुऊन कोरडा करा, नाहीतर ओलीने भुकटीचे खडबडीत पापुद्रे भिंतीला धरतात आणि तोच कप चढण्याजोगा होतो. भुकटी लावलेले किडे लगेच खायला घाला. किडे अंग साफ करत राहतात, थोड्या तासांनी भुकटी उरत नाही. त्यांना स्वतःला चांगलं खायला घालायचं काम मात्र २४ ते ४८ तास आधीच झालेलं असावं. भुकेला किडा सरड्याच्या पोटात जाऊन फारसं काही देत नाही.

किडा किती मोठा द्यायचा? सरड्याच्या दोन डोळ्यांमधल्या अंतरापेक्षा जाड नको. हा नियम मुळात सरड्याच्या पचनासाठी आहे, पण पळण्याच्या दृष्टीनेही उपयोगी पडतो, कारण फार मोठा किडा सरडा अर्धवट पकडतो आणि सोडतो.

एकेक किडा देण्यासाठी २५-३० सेंटीमीटरचा, टोकाला रबर किंवा सिलिकॉन असलेला चिमटा घ्या. धातूच्या टोकदार चिमट्यावर झडप घालताना सरड्याच्या तोंडाला इजा होते. रातकिडा मागच्या एका पायाने धरू नका, तो पाय सोडून निसटतो. दोन्ही मागचे पाय एकत्र किंवा छातीच्या भागाला हलकंसं धरा. उड्या मारू नयेत म्हणून रातकिड्यांचे मागचे पाय तोडून टाकण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. आमचा तिला विरोध आहे. कप पाच मिनिटं गार जागी ठेवून तेच साधत असेल तर जिवंत प्राण्याचे पाय कशाला तोडायचे?

अळ्या आणि डुबियांसाठी वाटी वापरा. वाटी काचेची किंवा चकचकीत सिरॅमिकची, भिंत उभी आणि पाच ते सात सेंटीमीटर उंच हवी. कडा आतल्या बाजूला किंचित वळलेली असेल तर उत्तम. उतरत्या भिंतीची बशी निरुपयोगी. वाटी सपाट दगडावर ठेवा आणि तिच्यावर फांदी किंवा वेल ओणवलेली नाही ना ते बघा. डुबिया एकदा मातीत गेला की सरड्याला दिसत नाही, तुम्हालाही नाही.

फळमाश्यांचं तंत्र वेगळं. त्या नेहमी वर चढतात, म्हणून बरणी उघडण्याआधी तळ टेबलावर दोनदा आपटा. त्या खाली पडल्या की झाकण काढून बरणी कपावर उलटी थोपटा आणि लगेच बंद करा. खाद्याचा गोळा सुटून कपात पडत असेल तर तो फार पातळ झालाय, नवी बरणी लावायची वेळ आली. रानटी, उडणाऱ्या फळमाश्या बरणीत शिरू देऊ नका. त्यांच्याशी संकर झाला की पुढची पिढी उडणारी निघते.

टेरॅरियमच्या आत

किडे आत सोडल्यावर काम संपत नाही. सरकत्या काचांच्या टेरॅरियममध्ये दोन काचा जिथे एकमेकींवर येतात तिथे दोन-तीन मिलिमीटरची फट असते आणि लहान रातकिडे त्यातूनच जातात. तिथे सरकत्या दारांसाठी मिळणारी ब्रशची किंवा पारदर्शक प्लास्टिकची पट्टी बसवा. दिव्याच्या आणि हीटरच्या वायरी जातात त्या भोकांत फोम घट्ट भरा. फोम किडे कुरतडतात, म्हणून बाहेरच्या बाजूने जाळीचा तुकडाही लावा. मागे सजावटीचं थर्माकोलचं पॅनल असेल तर त्याच्या आणि काचेच्या मधली जागा सिलिकॉनने बुजवा. तिथे शिरलेला रातकिडा ना सरड्याला मिळतो, ना तुम्हाला, आणि रात्रभर ओरडतो.

सरडा दहा-पंधरा मिनिटांत खाईल तेवढेच किडे सोडा, उरलेले काढून घ्या. हे फक्त पळण्यासाठी नाही. भुकेले रातकिडे झोपलेल्या, आजारी किंवा कात टाकत असलेल्या सरड्याची बोटं, शेपटीचं टोक, पापण्या कुरतडतात. जखम लहान असते, पण तिच्यात जंतू शिरतात. सगळे निघाले की नाही याची शंका असेल तर रात्री आत गाजराचा किंवा बटाट्याचा काप ठेवा. राहिलेले रातकिडे सरड्याऐवजी त्याच्याकडे जातात आणि सकाळी कापाखालीच सापडतात. काप उचलताना कप त्याच्या बाजूला टेकवा, मग काप सरकवा.

अंडी आणि कचरा

प्रौढ रातकिड्यांत मादी ओळखायला सोपी असते. तिच्या मागे दोन शेपट्यांच्या मधोमध तिसरी, लांब सुईसारखी नळी असते. ती नळी ओल्या मातीत खुपसून मादी अंडी घालते. ३० अंशांच्या आसपास ती दहा ते चौदा दिवसांत फुटतात. उबदार आणि ओलसर टेरॅरियम म्हणजे अंड्यांना हवी तशी जागा. ओली माती किंवा कोकोपीट असलेल्या टेरॅरियममध्ये नर किंवा पंख न फुटलेले रातकिडेच सोडा. नर ओरडतात हे खरं, पण पंख फुटण्याआधीचे किडे ना ओरडतात ना अंडी घालतात, म्हणून शक्य असेल तिथे तेच निवडा.

डुबियांतही हाच हिशेब. डुबियाची मादी अंडी बाहेर टाकत नाही, एका वेळी वीस ते तीस पिल्लंच देते. म्हणून पिल्लं आणि लांब पंखांचे नर खायला घाला, प्रौढ माद्या पैदाशीच्या डब्यातच ठेवा. निसटलेला एकटा नर घरात वसाहत करू शकत नाही.

डबा साफ करताना ट्रे मोठ्या टबात झटकून दुसऱ्या तयार डब्यात हलवा. खाली उरलेली विष्ठा बारीक चाळणीतून चाळा, कारण तिच्यात पिल्लं आणि रेड रनरच्या कुप्या असतात. मग सगळा कचरा जाड पिशवीत बांधून उणे १८ अंशांना निदान ४८ तास ठेवा आणि मगच टाका. कचरा तसाच उकिरड्यावर, झाडांच्या कुंडीत किंवा नाल्यात टाकू नका. उष्ण आणि दमट हवेत यातल्या काही जाती बाहेर जगतात आणि वाढतात. तुर्कस्तानी झुरळाने मूळ प्रदेशाबाहेर, अमेरिकेच्या नैऋत्य भागात, अशीच वस्ती केली आहे. किड्यांच्या विष्ठेची धूळ श्वासात गेली की अनेकांना शिंका, खाज, दम्याचा त्रास सुरू होतो, म्हणून चाळताना मास्क लावा आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवा.

तरीही निसटले तर

पहिल्या मिनिटात धावू नका. ज्या खोलीत पडला तिचं दार लावा आणि दाराखालच्या फटीत ओला टॉवेल दाबा. मग उजेड कमी करून टॉर्च जमिनीला समांतर धरा. सावली लांब पडते आणि किडा लगेच दिसतो. त्याच्यावर कप उपडा टाका, खालून जाड कागद सरकवा. हाताने झडप घातली तर रातकिडा कपाटाखाली जातो.

रातकिडा कुठे ओरडतोय ते एकट्याने कळत नाही. जवळ गेलं की तो गप्प होतो. दोघांनी खोलीच्या दोन टोकांना थांबून आवाजाच्या दिशेला बोट दाखवायचं. दोन्ही दिशा जिथे मिळतात तिथे शोधायचं. फ्रिजच्या मागची मोटर, शेगडीखालची जागा, राऊटरच्या मागची भिंत अशा उबदार जागा आधी बघा.

सापळा घरीच होतो. लिटरभराची काचेची बरणी घ्या, बाहेरून खरखरीत कागदी टेप काठापर्यंत गुंडाळा आणि आतून स्वच्छ कोरडी ठेवा. आत ब्रेडचा तुकडा, गाजराचा काप आणि लपायला पुठ्ठ्याचा चुरगळलेला तुकडा टाका. पुठ्ठा काठापर्यंत पोचणार नाही याची काळजी घ्या. संध्याकाळी भिंतीलगत ठेवा. किडे बाहेरून चढून आत पडतात आणि काच चढून परत येऊ शकत नाहीत. झुरळांसाठी आतल्या काठाला पेट्रोलियम जेलीचा पातळ पट्टाही द्या. मीलवर्म आणि सुपरवर्म निसटले असतील तर फरशीवर ओलसर फडकं किंवा बटाट्याचा काप ठेवून सकाळी त्याखाली बघा. फळमाश्यांसाठी कपात बोटभर व्हिनेगर आणि भांडी घासायच्या साबणाचा एक थेंब पुरतो. साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण मोडतो आणि माश्या बुडतात.

चिकट सापळे वापरायचेच असतील तर जिथे सरडा, मांजर किंवा लहान मूल पोचणार नाही अशाच जागी, कपाटामागे. सरडा चिकटलाच तर ओढू नका. खाद्यतेल हळूहळू बोटाने चोळत गोंद सैल करा, मग कोमट पाण्याने धुवा आणि पशुवैद्याला दाखवा.

कीटकनाशकाचा फवारा, खडू, जेल यांतलं काहीही सरडा असलेल्या घरात नको. पायरेथ्रॉइड गटाची औषधं सरड्यांना विषारी असतात आणि फवाऱ्याचे कण एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जातात. डब्यातले सगळे किडेही त्याने मरतात. शेजारी किंवा इमारतीत फवारणी होणार असेल तर त्या दिवशी खिडक्या बंद ठेवा आणि किड्यांचे डबे आतल्या खोलीत हलवा.

रेड रनर निसटली असेल तर पहिली सापडली म्हणून सापळे उचलू नका. कुपी फुटायला महिना-दीड महिना लागतो, म्हणून निदान दोन महिने सापळे रोज सकाळी बघत राहा. रातकिड्यांसाठी तीन आठवडे पुरतात. आणि बाहेर फिरून आलेला किडा परत डब्यात किंवा सरड्यापुढे टाकू नका. तो कुठल्या औषधावरून, कुठल्या धुळीतून चालत आलाय ते कळत नाही. असा किडा बंद डबीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा आणि दोन दिवसांनी कचऱ्यात टाका.